संघाचें घरगुती निशाण

कोल्हापुरांत फुटबॉलचा सामना केवळ अकरा-अकरा खेळाडूंचा नसतो. तो पेठांचा असतो. कुस्तीच्या तालमींनींच तेथें फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या नांवांपुढें आजही ‘तालीम मंडळ’ हींच अक्षरें लागतात. साहजिकच शाहू स्टेडियमवर संघाबरोबर त्याची पेठ येते, आणि पेठेबरोबर तिचें निशाण येतें.

असें निशाण बाजारांत छापून मिळतें. तथापि चार मुलांनीं मिळून घरीं रंगविलेल्या निशाणाची सर त्यास येत नाहीं. तें करणें अवघड नाहीं; मात्र त्यास घाई चालत नाहीं.

प्रथम कापड. सुती पॉपलीन हलकें असल्यामुळें वाऱ्यावर चांगलें फडकतें. नव्या कापडास खळ असते. ती न काढतां रंग दिल्यास तो तंतूंत मुरत नाहीं व पुढें त्याचे पोपडे सुटतात. म्हणून कापड साबणाच्या कोमट पाण्यांत धुवून, वाळवून, त्यास इस्त्री करावी. धुतल्यावर तें आटतें. यास्तव मापें नंतरच घ्यावीं. तीन हात लांबीस दोन हात रुंदी हें प्रमाण नजरेस बरें दिसतें. एकाच कापडावर लिहिल्यास मागून अक्षरें उलटीं दिसतात. म्हणून दोन तुकडे निरनिराळे रंगवून शेवटीं पाठीस पाठ लावून शिवावे.

हौशी माणसाची चूक होते ती मजकुरांत. संघाचें पूर्ण नांव, स्थापनेचें वर्ष, घोषवाक्य आणि वर वाघाचें तोंड, हें सर्व एकत्र आलें म्हणजे मैदानापलीकडून कांहींच वाचतां येत नाहीं. पाट्या रंगविणाऱ्यांचा ढोबळ आडाखा असा कीं, दहा फुटांवरून सुखानें वाचावयाचें अक्षर एक इंच उंच हवें. शंभर फुटांसाठीं दहा इंच. तेव्हां नांवाचीं दोन-तीन आद्याक्षरें आणि संघाचे रंग एवढेंच पुरे.

पूर्वीं जवसाच्या तेलांतील रंग वापरीत. तें तेल वाळून कडक होतें, घडीवर भेगा पडतात व कालांतरानें सूतही कुजतें. हल्लींचे पाण्यांत कालवावयाचे ॲक्रिलिक कापडरंग लवचिक असतात. पुठ्ठ्याचा साचा कापून, जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें रंग टिपीत जावा. पातळ रंग कडेबाहेर पसरतो. एका जाड थरापेक्षां दोन पातळ थर बरे. एक दिवस वाळूं द्यावें आणि मग उलट बाजूनें, मध्यें फडकें ठेवून, गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे रंग पक्का होतो. त्यानंतर दोन्ही तुकडे जोडावे, कांठ दुमडून शिवावे व एका बाजूस काठीसाठीं नेफा ठेवावा.

काठी हलक्या बांबूची, टोंकें घासलेली असावी. कित्येक मैदानांवर काठी आंत नेऊं देत नाहींत. तेथें दोघांनीं निशाणाचीं टोंकें धरावीं. या बंदीचें कारण उघड आहे. समर्थकांच्या हाणामारीमुळें स्पर्धेस गालबोट लागल्याचे प्रसंग कोल्हापूरनेंही पाहिले आहेत. आणि भांडणाचें मूळ पुष्कळदां प्रतिपक्षास हिणविणाऱ्या एखाद्या शब्दांत असतें. निशाणावर आपल्या संघाचें नांव लिहावें. दुसऱ्याचें लिहूं नये. हा नियम पाळावयास दमडीचाही खर्च येत नाहीं.

सामना हरला म्हणजे बाजारचें निशाण बहुधा पायरीवरच पडून राहतें. घरीं केलेलें तसें टाकवत नाहीं; त्याचें शिवण कोणाच्या तरी आईनें घातलेलें असतें. तें घडी न घालतां काठीभोंवतीं गुंडाळून ठेवावें, म्हणजे रंगास चिरा जात नाहींत. पुढील हंगामास तेंच निशाण पुन्हां बाहेर निघतें, आणि तें धरावयास मागच्या वर्षीं लहान असलेलीं मुलें पुढें होतात.