अळी काय जेवली?

हिवाळ्यात आमच्या चेंबूरच्या बाजारातून हरभऱ्याची जुडी आणली, की सोलताना एखाद्या घाट्यातून हिरवी अळी डोकावते. आपण ती फेकून देतो. ही घाटेअळी तुरीच्या शेंगा पोखरते, टोमॅटोला भोकं पाडते. विदर्भात कापसावर गेली, की तिलाच अमेरिकन बोंडअळी म्हणतात.

कापसाच्या पानांवर आणि सरकीत बारीक काळसर ठिपके असतात. त्यांत गॉसिपॉल हे विष असतं, झाडाने किडींसाठी राखून ठेवलेलं. अळी ते थोडंथोडं खाते, तेव्हा तिच्या आतड्यात विष फोडणारी विकरं वाढतात. चिनी शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं, की गॉसिपॉल खाल्लेल्या अळ्या डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकालाही अधिक तग धरतात. औषध अळीला नवं. पण ते पचवायची तालीम झाडानेच करून घेतलेली!

फवारा लागू पडला नाही, की शेतकरी दुकानदाराला बोल लावतो आणि पंपात आणखी एक झाकण ओततो. कधीकधी औषध भेसळीचं असतंही. पण वाढलेल्या मात्रेची झळ पहिल्यांदा बसते ती पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने माणसं दगावली. त्याची कारणं अनेक होती, तरी अंगावर उडणारं विष किती महाग पडतं ते तेव्हा दिसलं.

आणखी एक गंमत. प्रयोगशाळेत औषध तपासायला या अळ्या बहुधा हरभऱ्याच्या पिठाच्या खाद्यावर वाढवतात. त्यांनी कापूस चाखलेलाच नसतो. म्हणून चाचणीचा आकडा समोर आला, की मी आधी अळीचं जेवण विचारतो.