रक्ताला वाट देणारा सांगाडा





जैवसामग्री आणि ऊती-अभियांत्रिकी या परिषदेच्या विषयाशी पुण्याचे नाते जुने आहे. इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि १७९२ मध्ये त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ एका वैद्याने ते नव्याने घडवले. आधी मेणाचे नाक केले, मग ते कपाळावर सपाट पसरून तेवढ्या मापाची कातडी सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. भुवयांमधला कातडीचा देठ मात्र तसाच राखला. त्यातून कातडीला रक्त मिळत राहिले. नाक रुजल्यावर, सुमारे पंचवीस दिवसांनी, देठ कापला गेला. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हा वृत्तांत सचित्र छापला आणि शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. वृत्तांतात त्या वैद्याचे नाव नाही.

देठ राखण्यामागचा विचार आजही या क्षेत्राच्या केंद्रस्थानी आहे. रक्त पोहोचले नाही तर ऊती जगत नाही.

आजचा स्कॅफोल्ड, म्हणजे नव्या ऊतीसाठीचा तात्पुरता सांगाडा, इमारतीच्या परांचीसारखा असतो. पेशींना चढायला आणि पसरायला त्याने आधार द्यायचा, काम उभे राहिले की निघून जायचे. अमेरिकेत आयोनिस यानस हे अभियंते आणि जॉन बर्क हे शल्यविशारद यांनी गंभीर भाजलेल्या रुग्णांसाठी असे आवरण तयार केले. गुरांपासून मिळवलेले कोलॅजन, शार्कच्या कूर्चेतला एक घटक आणि वर सिलिकॉनचा पातळ पडदा. सच्छिद्र कोलॅजनमध्ये रुग्णाच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या शिरतात, ते हळूहळू विरघळते आणि तिथे नवी अंतस्त्वचा तयार होते. नंतर पडदा काढून रुग्णाच्याच त्वचेचा पातळ थर लावला जातो. दहा रुग्णांवरील अनुभव १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता १९९६ मध्ये मिळाली.

यात मोजमापाला फार महत्त्व आहे. छिद्रे फार बारीक असली तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी असली तर त्यांना चिकटायला पृष्ठभाग कमी पडतो. आवरण लवकर विरघळले तर आधार हरवतो, फार काळ टिकले तर नव्या ऊतीची वाट अडते. केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनपलीकडच्या पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. म्हणूनच पातळ त्वचा आणि कमी ऑक्सिजनवर जगणारी कूर्चा यांत यश आले. यकृत किंवा मूत्रपिंडासारखा जाड अवयव संपूर्ण घडवणे अजून दूर आहे.

हे भान सुटले की काय होते, ते स्टॉकहोममध्ये दिसले. शल्यविशारद पाओलो माक्कियारिनी यांनी २०११ पासून तिथे तीन रुग्णांना प्लास्टिकच्या श्वासनलिका बसवल्या. मूळपेशी पेरल्या की नळी जिवंत होईल, असा दावा होता. प्राण्यांवरच्या पुरेशा चाचण्या झाल्या नव्हत्या. तिन्ही रुग्ण दगावले आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने माक्कियारिनी यांना तुरुंगवासाची शिक्षा दिली.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने मात्र धीराचा मार्ग धरला. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने हृदयाची कृत्रिम झडप घडवताना चाचण्यांत नापास झालेली प्रारूपे एकामागून एक बाजूला सारली. माणसाच्या हृदयात पहिली चित्रा झडप बसली ती डिसेंबर १९९० मध्ये.

म्हणून स्वागत समितीची प्रतिनिधींना एक आग्रहाची विनंती आहे. यशस्वी प्रयोगांबरोबर फसलेलेही मांडावेत: कोणता पदार्थ विरघळला नाही, कुठे रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत, कुठे जंतुसंसर्ग झाला. भाजलेल्या रुग्णांची रोज मलमपट्टी करणाऱ्या परिचारिकाही सभागृहात आहेत. आपला पदार्थ जखमेवर कसा वागतो, हे पदार्थवैज्ञानिकांनी त्यांना जरूर विचारावे. चर्चेसाठी प्रत्येक सत्रात वेळ राखलेला आहे.