दहावीनंतरचे गणित आणि आपली शाळा

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा स्मरणिकेत सविस्तर येणार आहे. त्यामुळे मला मिळालेल्या वेळात मी एकाच विषयावर बोलणार आहे, आणि गंमत म्हणजे तो विषय माझा नाही. मी मराठीची एम. ए. आहे. पण गेल्या काही वर्षांत माझ्या कार्यालयाचा उंबरठा मराठीच्या अडचणीसाठी जितक्या जणांनी ओलांडला असेल, त्याहून कितीतरी अधिक जणांनी तो गणितासाठी ओलांडला आहे.

आठवीच्या प्रवेशाच्या वेळी बेळगावच्या आसपासच्या गावांतून, येळ्ळूरहून, कडोलीहून, उचगावहून पालक येतात. इमारत पाहतात, निकाल विचारतात आणि शेवटी आवाज थोडा खाली आणून म्हणतात, "बाई, दहावीपर्यंत मराठीतून शिकेल हो, पण पुढे पीयूसीचे गणित झेपेल का?" या प्रश्नाला आपण वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आलो: "का नाही झेपणार? आमचे किती विद्यार्थी इंजिनिअर झाले!" ते खरेच आहे. त्यांतले कितीतरी जण आज समोर बसले आहेत. पण जे झाले त्यांची नावे आपण फलकावर लिहिली. जे मध्येच थांबले त्यांची नोंद आपल्याकडे नाही. एसएसएलसीचा दाखला हातात दिला की आपले रजिस्टर मिटते.

अशा एका मुलीविषयी मला आज सांगायचे आहे. नाव सांगणार नाही. दहावीला गणितात तिला शंभरापैकी सत्त्याण्णव गुण होते. तिची आई तिला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. वाणिज्य शाखा घ्यावी, असे घरी ठरत होते. मीच आग्रह धरला, विज्ञानच घ्या म्हटले. नोव्हेंबरमध्ये ती एकटीच आली. पहिल्या चाचणीत गणितात ती नापास झाली होती. "बाई, सर फळ्यावर करतात ते दिसतंय, पण काय चाललंय ते कळत नाही," असे ती म्हणाली. क्लास लावायचा तर वर्षाची फी तिच्या वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या मिळकतीएवढी होती. मी तिला काय सांगितले? "नेट लाव, जमेल." पाठीवर हात ठेवला आणि पाठवून दिले. वर्षअखेरीस तिने गणित सोडले. पुढे कॉलेजही सोडले. मी चुकीचा सल्ला दिला असे मला आजही वाटत नाही. सल्ला देऊन मी हात झटकले, ही माझी चूक होती.

त्यानंतर मी आमच्या गणिताच्या सरांना विचारले की सत्त्याण्णव गुण मिळवणारी मुलगी पाच महिन्यांत नापास कशी होते? त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते गणित न कळणाऱ्या माझ्यासारखीलाही कळले, म्हणून तुम्हालाही सांगते.

दहावीपर्यंत मूल काटकोन त्रिकोण काढते. समोरची बाजू भागिले कर्ण, म्हणजे साइन. कोन शून्य ते नव्वद अंशांच्या आत. पीयूसीच्या पहिल्या वर्षी, तिसऱ्याच प्रकरणात, त्याला साइन १५० अंश विचारतात. आता १५० अंशांचा कोन काटकोन त्रिकोणात मावणार कसा? मूल त्रिकोण काढू पाहते आणि अडते. तिथे त्रिकोण सोडून एक त्रिज्येचे वर्तुळ काढायचे असते, त्यावर बिंदू फिरवायचा असतो आणि त्या बिंदूची उंची म्हणजे साइन, असे नव्याने पाहायचे असते. मग १५० अंशांवरची उंची ३० अंशांवरच्या उंचीएवढीच, म्हणजे अर्धा, हे डोळ्यांना दिसते. हा बदल सांगायला एक पूर्ण तास हवा. तो तास वर्गात मिळत नाही, कारण अभ्यासक्रम पुढे पळत असतो. ज्याला तो तास मिळत नाही, तो सूत्रांचा तक्ता पाठ करू लागतो, आणि तिथून घसरण सुरू होते.

त्यात भाषेचा पदर वेगळाच. आपल्याकडे एसएसएलसीचे गणित मराठीतून, आणि जूनमध्ये कॉलेजात पाऊल ठेवताच सगळे इंग्रजीतून. शब्द पाठ करता येतात हो. समीकरणाला इक्वेशन म्हणायला दोन दिवस पुरतात. अडचण येते ती बारीक शब्दांची. एका मुलाने तीन नाण्यांचे उदाहरण सोडवले होते. निदान एक छाप पडण्याची संभाव्यता विचारली होती. उत्तर ७/८ हवे. त्याने ३/८ लिहिले. सरांनी तेच उदाहरण मराठीतून वाचून दाखवले, तर त्याने क्षणात ७/८ सांगितले. इंग्रजीतल्या 'ॲट लीस्ट'चा अर्थ त्याने 'फक्त' असा घेतला होता. गणित त्याला येत होते. गुण मात्र गेले, आणि गुणांबरोबर आपल्याला गणित येते हा विश्वासही गेला.

इथे मला, मराठीच्या शिक्षिकेला, एक शोध लागला. आपली मुले भूमितीत 'जीवा' आणि 'त्रिज्या' हे शब्द शिकून येतात. साइनला आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात 'ज्या' म्हणत. जीवा हे त्याचेच दुसरे रूप. ते अरबीत 'जिबा' होऊन गेले, तिथे 'जैब', म्हणजे वस्त्राची घडी, असे वाचले गेले, आणि त्या अर्थाचा लॅटिन शब्द 'सायनस' त्याला मिळाला. आजचा साइन तिथून आला. आणि त्रिज्या म्हणजे तीन राशींची, अर्थात नव्वद अंशांची, ज्या. एक त्रिज्येच्या वर्तुळात साइन ९० अंश बरोबर एक, हे त्या शब्दातच बसलेले आहे. हे मी मुलांना सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे बाई, हे आपलंच आहे की!" अभिमानाने फुगून जावे म्हणून मी हे सांगत नाही, परीक्षेत त्याला त्याचे गुण नसतात. पण परक्या घरात आपले एखादे भांडे दिसले की माणूस जरा मोकळा बसतो, तसे झाले.

आता क्लासविषयी. मी क्लासच्या विरोधात नाही. उत्तम क्लास घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण पालकांनी आपण काय विकत घेत आहोत ते नीट पाहावे. जेईईची तयारी वेगळी, आपली सीईटी वेगळी आणि बोर्डाची परीक्षा वेगळी. सीईटीत गणिताचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पायऱ्याही कोणी पाहत नाही. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांनाच गुण. आणि राज्यातील इंजिनिअरिंग प्रवेशाच्या गुणवत्तेत दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा. ज्या मुलाला मर्यादा म्हणजे लिमिट ही कल्पनाच समजलेली नाही, त्याला झटपट उत्तराच्या युक्त्या शिकवणाऱ्या तुकडीत बसवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला शर्यतीच्या रांगेत उभे करणे. केंद्र शासनाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, गुणांची वा क्रमांकाची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे त्यांत आहे. तरीही आठवीच्या मुलांसाठी 'फाउंडेशन'ची पत्रके आपल्या फाटकाबाहेर वाटली जातात. ती मी स्वतः गोळा करून ठेवली आहेत. कोणाला पाहायची असतील तर दाखवीन.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही शाळेतच एक लहानशी सुरुवात केली. शाळा सुटल्यावर साडेपाच ते सात, आठवी 'ब'च्या वर्गात. पीयूसीला गेलेल्या आपल्याच मुलांसाठी, विनाशुल्क. आमचे एक निवृत्त गणित शिक्षक आणि इथल्याच एका कारखान्यात नोकरी करणारा आपला एक माजी विद्यार्थी, असे दोघे शिकवतात. सातच्या पुढे थांबता येत नाही, कारण खेड्यांकडे जाणारी बस चुकली की मुलींची पंचाईत होते.

पहिले काही दिवस फसले. सरांनी फळ्यावर उदाहरणे सोडवली, मुलांनी ती उतरवून घेतली, सगळे खूश. चाचणीत पुन्हा तेच. मग सरांनी खडू मुलांच्या हाती दिला. आता पहिली दहा मिनिटे शिकवणारा बोलत नाही. एक मूल फळ्याशी उभे राहते, इंग्रजी प्रश्न मोठ्याने वाचते, मराठीत त्याचा अर्थ सांगते, पुढची पायरी का घेतली ते मराठीत बोलते आणि इंग्रजीत लिहिते. अडले तर बसलेल्यांनी विचारायचे. एकदा एक मुलगी एक्सचा वर्ग वजा चार भागिले एक्स वजा दोन, याची एक्स दोनकडे जाताना मर्यादा काढत होती. दोन घातले, शून्य भागिले शून्य आले, तिने उत्तर शून्य लिहिले. सर गप्प. मागून कोणी तरी म्हणाले, "दोन घालू नको, दोनच्या जवळचं घाल." तिने १.९ घातले, ३.९ आले. १.९९ घातले, ३.९९ आले. खडू हातात तसाच धरून ती क्षणभर थांबली आणि मग चार लिहिले. मी दाराशी उभी होते. अवयव पाडून ते एका ओळीत होते, हे सरांनी नंतर दाखवले.

सगळे यशस्वी झाले, असे मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी अकरा मुले आली, दिवाळीनंतर सात उरली. एकाने गणित सोडलेच, आणि त्याच्यासाठी ते योग्य होते असे मला वाटते. तो आता कला शाखेत रमला आहे. उरलेल्या सहांपैकी कोणी गणितात नापास झाले नाही. एवढेच.

संस्थेतील काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे की आपली जबाबदारी दहावीपर्यंत. पुढचे कॉलेजने पाहावे. त्यांच्या अनुभवाचा आदर राखून मी सांगते, आठवीला येणारा पालक आज दहावीच्या पलीकडचे विचारतो आहे. त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर तो मूल इथे पाठवणार नाही, आणि मग दहावीपर्यंतच्या जबाबदारीचाही प्रश्न उरणार नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, हीरक महोत्सवासाठी तुम्ही निधी दिलात, त्यातून नवे सभागृह उभे राहिले. आता मी पैसे मागत नाही. तुमच्यातले किती तरी जण पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत आहेत, रोज गणित वापरणारे आहेत. आठवड्यातून एक तास, संगणकाच्या पडद्यावरून का होईना, एकाच मुलासमोर बसा. शिकवायला नको, त्याचे ऐकायला हवे. 'सदिश' हा शब्द तुम्हाला आठवतो आणि 'व्हेक्टर'ही माहीत आहे, अशी माणसे या मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार?

दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. नाव, गाव, कोणता वार जमेल आणि कोणते प्रकरण सांगायला आवडेल, एवढेच लिहायचे आहे. संभाव्यतेला सर्वांत जास्त मागणी आहे. नवी तुकडी जूनच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होईल. वर्गाची किल्ली कार्यालयात, घंटेच्या शेजारच्या खिळ्यावर असते. शिपाईकाका साडेपाचला वर्ग उघडून देतात.