घरातलं मोठं कोण?

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, 'नेतृत्व: समाजात, नोकरीत आणि घरात'. आणि वेळ दिला पंधरा मिनिटं. हे ठरवणारा नक्कीच आपल्याच वर्गातला आहे. पहिलं महायुद्ध आपण सगळ्यांनीच सहा ओळींत संपवलेलं आहे, बाईंना आठवत असेल. त्यामुळे मीही जमेल तेवढंच बोलते. मी पुढारी नाही, पुस्तकंही लिहिलेली नाहीत. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे, तिथे जे पाहिलं आणि घरी जे पाहिलं, तेवढंच सांगण्यासारखं आहे.

नेतृत्वाशी आपली पहिली ओळख याच इमारतीत झाली. वर्गाचा मॉनिटर! बाई स्टाफरूममध्ये गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची, पुन्हा बोलला की नावापुढे फुली. जवळच्या मित्राचं नाव हळूच पुसायचं. आपल्यातल्या दोघा-तिघांची नावं तर वर्षभर कायमचीच होती, ते आज पहिल्या रांगेत बसून हसतायत. नोकरीत गेल्यावर मला कळलं, की बऱ्याच मॅनेजरांचं या विषयातलं शिक्षण इथेच थांबलेलं असतं. काही बिघडलं की पहिला प्रश्न, 'कोणी केलं?' म्हणजे पुन्हा फळा आणि फुली.

आमच्याकडे रात्री-बेरात्री यंत्रणा बंद पडते. मी पैशांच्या देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरवर काम करते. एकदा महिनाअखेरीला, पगाराच्या आदल्या रात्री, दीड-पावणेदोनला सगळं अडकलं. दहा मिनिटांत कॉलवर बावीस जण. सगळे एकदम बोलतायत. कोणी म्हणतंय डेटाबेस, कोणी म्हणतंय नेटवर्क, आणि आमचे सर्वांत वरचे साहेब दर दोन मिनिटांनी विचारतायत, 'किती वेळ लागेल?' त्या रात्री ड्यूटीवर दोन वर्षांच्या अनुभवाची एक मुलगी होती. बीडकडची. तिने शांतपणे सांगितलं, 'कमांड माझ्याकडे आहे. तिघं जण शोध घेतील, त्यांची नावं मी सांगते. एक जण काय-काय केलं ते वेळेसह लिहील. एक जण बाकीच्यांना कळवेल. सर, तुम्हाला दर पंधरा मिनिटांनी माहिती मिळेल. तोपर्यंत कृपया म्यूटवर राहा.' आणि साहेब म्यूटवर गेले. पहाटे साडेचारला यंत्रणा सुरू झाली.

त्या मुलीने स्वतः एकही दुरुस्ती केली नाही, कारण पद्धतच तशी आहे. जो कमांडवर असतो त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. एकदा तो खोलात शिरला की चहूकडे बघायला कोणी उरत नाही. ही पद्धत आम्ही संगणकवाल्यांनी शोधलेली नाही. १९७० साली कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले. वेगवेगळ्या खात्यांचे बंब आणि माणसं आली, पण कोणाचं कोणी ऐकायचं हे ठरलेलं नव्हतं आणि एकमेकांची भाषाही कळत नव्हती. त्या अनुभवातून तिथल्या अग्निशमनवाल्यांनी नियम बसवले: कमांड एकाकडेच, ती पदावरून ठरत नाही, आणि दुसऱ्याकडे द्यायची तर तोंडाने बोलून द्यायची. 'आता तुझ्याकडे.' 'घेतली.' हे दोन शब्द झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक होते. तिथे 'कोणी केलं' हा प्रश्न विचारायचा नसतो. 'असं होऊ शकलंच कसं' हे विचारायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे फार गुळमुळीत वाटलं होतं. पण फुलीची भीती असली की माणसं माहिती लपवतात, आणि माहिती लपली की पुढच्या महिन्यात तेच पुन्हा घडतं. हा हिशोब आहे, चांगुलपणा नव्हे.

सॉफ्टवेअरच्या जगातली आणखी एक गोष्ट सांगते, कारण आपल्या राज्यातल्या लोकांना ती मजेदार वाटेल. आज शाळांतसुद्धा शिकवतात ती पायथन ही भाषा खिदो व्हान रॉसम या डच माणसाने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली. पुढे जवळजवळ तीस वर्षं तिच्याबाबतचा शेवटचा शब्द त्याचाच. लोक त्याला गमतीने 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणत. २०१८ साली एका छोट्याशा चिन्हावरून, खरंच, एक विसर्गचिन्ह आणि बरोबरची खूण, एवढ्यावरून प्रचंड वाद झाला. निर्णय त्याच्या मनासारखा झाला, आणि त्यानंतर त्याने जाहीर केलं की मी थांबतो. वारस नेमणार नाही, पुढे कसं चालवायचं ते तुम्ही ठरवा. भाषेवर काम करणाऱ्यांनी काही महिने चर्चा केली, मतदान केलं आणि पाच जणांचं मंडळ निवडलं. नियम असा, की पाचांत एकाच कंपनीचे दोनांहून जास्त लोक नकोत. पहिल्या मंडळात तो स्वतः निवडून आला, पुढच्या वेळी उभाच राहिला नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या घटनेत हा नियम घातला, फक्त कंपनीच्या जागी कुटुंब शब्द लिहून, तर किती संचालक मंडळं शिल्लक राहतील, हे मी तुमच्यावर सोडते. व्यासपीठावर कोण बसलंय ते न बघता बोलले, माफी असावी.

आता घर.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आम्ही तिघं भावंडं. दादा गावी, मी पुण्यात, धाकटा न्यू जर्सीत. नगरच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, 'घरातलं मोठं कोण? निर्णय कोण घेतं?' सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. मामा, आत्या, मीसुद्धा. दादा म्हणाला, 'हिला विचारा, रोजचं सगळं हिच्याच हातात आहे.' वहिनी दाराशी उभी होती, कारण खुर्च्या संपल्या होत्या.

वहिनी बारावी झालेली. घरी आणल्यावर तिने पहिल्या दिवशी दोनशे पानी वही घेतली. औषधाची वेळ, लघवी किती झाली, कूस कधी बदलली, कोणी बदलली. रात्री मदतीला येणाऱ्या मावशींना ती वही वाचून दाखवायची, आणि मावशींनी 'हो, समजलं' म्हटल्यावरच झोपायला जायची. आम्हालाही कामं लावली. 'ताई, तुम्ही औषधं पुण्याहून महिन्याची एकदम पाठवायची. भावजी, तुम्ही दर रविवारी अण्णांशी बोलायचं, ते ऐकतात. अन् सल्ला ग्रुपवर टाकायचा नाही, मला फोन करायचा.' धाकटा अमेरिकेतून रोज दोन लेख पाठवायचा, ते त्या दिवसापासून बंद झालं. भाच्याच्या लग्नाला ती चार दिवस माहेरी गेली. जाताना वही दादाकडे दिली आणि चार दिवसांत एकदाही फोन करून 'काय केलंत' विचारलं नाही. आमच्या ऑफिसात मोठमोठ्या पगाराच्या लोकांना रजेवर असताना हे जमत नाही. मी पाहते ना, समुद्रकिनाऱ्यावरून मेल येतात.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दोन महिन्यांनी प्रश्न आला तो नाकातल्या नळीचा. गिळताना ठसका लागतो, अन्न फुप्फुसात जाण्याची भीती, म्हणून नळी ठेवलेली. अण्णा डाव्या हाताने ती उपटायचे. मग हात बांधून ठेवायचे का? व्हिडिओ कॉलवर दीड तास चर्चा. धाकटा म्हणत होता नळी ठेवायलाच हवी, धोका नको. मी म्हणत होते आणखी एका डॉक्टरांना दाखवू. मामा म्हणत होते नशीब. वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'अण्णांना कुणी विचारलंय का?'

कोणीच विचारलं नव्हतं. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं होतं. तिने फोन तसाच चालू ठेवून पलंगाजवळ नेला. अण्णांचा डावा हात हातात घेतला. 'अण्णा, नळी ठेवायची असेल तर एकदा दाबा. नको असेल तर दोनदा. काढली तर ठसका लागू शकतो, त्यात जिवाला धोका आहे, हे डॉक्टरांनी सांगितलंय. सावकाश सांगा.' अण्णांनी दोनदा दाबला. तिने पुन्हा उलटा प्रश्न विचारला, खात्री करायला. उत्तर तेच आलं.

मग डॉक्टरांशी बोलणं झालं. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक ताई घरी आल्या. पाठ सरळ करून, हनुवटी खाली घेऊन, एकेक छोटा चमचा. नाचणीची पेज दाट करून. पाणीसुद्धा दाट करून. एका जेवणाला पाऊण तास. अण्णा त्यानंतर दीड वर्ष जगले, आणि त्यातला बराचसा काळ स्वतःच्या तोंडाने जेवले. दुसरा निर्णय घेतला असता तर ते जास्त जगले असते की कमी, हे मला सांगता येणार नाही. निर्णय त्यांचा होता, एवढं मला माहीत आहे. तेराव्याला लोक दादाला म्हणत होते, 'मुलाने फार केलं.' दादा प्रत्येकाला तेच उत्तर देत होता. 'मी नाही, हिने.' काही ऐकत होते, काही मान हलवून पुढे सरकत होते.

हे मी एवढं लांबवून सांगतेय कारण गावोगावी हेच मोठ्या प्रमाणावर चाललंय. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, तेव्हा आपण सातवीत होतो. पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. खुर्ची मिळाली, पण आजही कितीतरी ग्रामसभांत प्रश्न सरपंचबाईंना विचारला की उत्तर त्यांचे यजमान देतात. कायद्याने खुर्ची देता येते. 'हिला विचारा' हे वाक्य मात्र शेजारी बसलेल्या माणसालाच म्हणावं लागतं, आणि न म्हटल्याबद्दल त्याला शिक्षा नसते.

आणि आपल्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवारांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, २०२० ची पद्मश्रीही माहीत आहे. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे आपण शाळेपासून ऐकतोय. मला इंजिनिअर म्हणून तिथलं आवडतं ते पाण्याचं अंदाजपत्रक. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, पावसाळ्यानंतर ग्रामसभेत हिशोब मांडायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग उरलं त्यावर पिकं. पाऊस कमी तर जास्त पाण्याचं पीक नाही. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. एखाद्याला 'तू ऊस लावू नकोस' असं सरपंचाने सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, कोर्ट झालं असतं. पण आकडा सगळ्यांसमोर मांडलेला असला की भांडायचं कोणाशी? पर्जन्यमापकाशी? वहिनीची वही आणि हे अंदाजपत्रक मला एकाच जातीचं वाटतं. माहिती एकाच्या डोक्यात राहिली तर सगळ्यांना त्याच्याच तोंडाकडे बघत बसावं लागतं. ती सर्वांना दिसेल अशी लिहून ठेवली की बाकीच्यांनाही मत देता येतं.

पंधरा मिनिटं होऊन गेलीत, सर घड्याळ बघतायत. तरी एक कामाचं बोलते.

आपल्या बॅचने शाळेला वीस संगणक द्यायचं ठरवलंय. ग्रुपवर सदतीस अंगठे आले. संगणकावर माझं पोट चालतं, त्यामुळे मी विरोध केला तर तो कोणी अज्ञान म्हणून सोडून देणार नाही अशी आशा आहे. मी मागच्या आठवड्यात शाळेत फोन केला. शाळेत संगणक आहेत. त्यातले निम्मे बंद आहेत, कारण दुरुस्तीला पैसे नाहीत आणि शिकवायला माणूस नाही. आणि मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारनंतर पाणी येत नाही, म्हणून आठवी-नववीच्या काही मुली मधल्या सुट्टीनंतर घरी जातात. हे मला शाळेतल्या शिपाई मावशींनी सांगितलं. ग्रुपवर हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. टाकी, पंप आणि पाइपलाइनचा खर्च वीस संगणकांपेक्षा कमी यावा, असा माझा अंदाज आहे. आपल्यातल्या प्लंबिंगच्या ठेकेदार मित्राने तो तपासून सांगावा.

उद्या रविवारी सकाळी दहाला मुख्याध्यापिका बाईंनी वेळ दिलाय. त्या असतील, शिपाई मावशी असतील, आणि नववीच्या चार मुलींना बोलवा अशी विनंती मी केली आहे. आपल्यापैकी पाच-सहा जण पुरेत. यादी कोणती करायची ते तिथे ऐकून ठरवू, आणि पैसे जमवायचं काम कोणी घ्यायचं तेही. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्या. गाडी शाळेच्या मागच्या फाटकाने आत घ्या, पुढच्या फाटकाशी रविवारी बाजार असतो.