श्रावक



धार जिल्ह्यात बागला दवाखाना टाकला तेव्हा मी पुण्याच्या आत्याला तसं पत्रानं कळवलं. तिचं उलट पत्र आलं : ‘बागेत बसून कसली रे औषधं देतोस? पावसाळ्यात काय करशील?’ धार-देवासच्या तुम्हा मंडळींना बाग म्हणजे लेण्यांचं आणि छापाच्या कापडाचं गाव, हे सांगायला नको. आत्याच्या कानाला मात्र बाग म्हणजे झाडं. तिनं पत्र नीट वाचलं होतं, पण शब्द तिच्याकडे पोचायच्या आधीच अर्थ तिथं पाट मांडून बसला होता.

मी आत्याला हसलो आणि महिन्याभरात स्वतः फसलो. एक बाई सांगत होती, ‘खाली पेट दरद होता है.’ मी केसपेपरवर लिहिलं, ओटीपोटात दुखतं. मला हिंदी येत नव्हतं असं नाही, पण कान अजून मराठीच होता आणि मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. उपाशीपोटी दुखणं वेगळं, ओटीपोटात दुखणं वेगळं, औषधंही वेगळी. दोन आठवडे गुण आला नाही, तेव्हा पुन्हा विचारलं. तुमची घराणी पवारांच्या काळापासून माळव्यात आहेत. तुमच्याकडे अशी चूक होणार नाही असं तुम्हाला वाटेल. पण परक्या भाषेतली चूक लवकर उघडकीला येते. खरी भीती ओळखीच्या शब्दाची.

मी जन्मानं जैन. घरात लहानपणापासून ‘श्रावक’ हा शब्द ऐकला. आमच्यात साधू नसलेल्या साध्या गृहस्थाला श्रावक म्हणतात, म्हणजे ऐकणारा. दुकान चालवणारा, संसार करणारा माणूस, पण त्याची ओळख काय, तर तो ऐकतो! जैन शास्त्रात इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. अवग्रह म्हणजे काहीतरी आहे एवढाच पहिला स्पर्श. ईहा म्हणजे ते काय असावं याचा शोध. अवाय म्हणजे निश्चय, आणि धारणा म्हणजे ते धरून ठेवणं. नंदीसूत्रात यासाठी मातीच्या नव्या वाडग्याचा दृष्टान्त आहे. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या वाडग्यात पाण्याचे थेंब टाकत राहिलं, तर पहिले कितीतरी थेंब माती पिऊन टाकते. मग केव्हातरी एक थेंब टिकतो, आणि तिथून वाडगा भरू लागतो. आवाज कानावर पडणं आणि ऐकू येणं यांत असं अंतर आहे. आपण सगळे बहुधा ईहा गाळतो. पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी!

देवासला तुमच्या डोळ्यांसमोर याचं उलट उदाहरण घडलं. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन तिथं आले. मूळचे बेळगावकडचे, घरची भाषा कानडी, तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडे. गायला डॉक्टरांची मनाई. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याच्या बायामाणसांची गाणी ऐकली आणि पुढं त्या धुनांमधून राग उभे केले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. आता थोडं कडू बोलतो, रागावू नका. त्याच धुना आपल्या परसातून, जात्यावरून, लग्नाच्या मांडवातून पिढ्यान्‌पिढ्या जात होत्या. आपण त्यांना ‘त्या लोकांची गाणी’ म्हणून मोकळे झालो होतो.

होमिओपॅथीत तर ऐकणं हीच निम्मी विद्या. ऑर्गेनॉनच्या चौऱ्याऐंशीव्या सूत्रात हानेमान सांगतात की रोग्याला बोलू द्यावं, तो भलतीकडे गेल्याखेरीज मध्ये तोडू नये. पुढच्या सूत्रात, प्रत्येक नवी गोष्ट नव्या ओळीवर लिहावी. हे मला परीक्षेला पाठ होतं.

साधारण वीस वर्षांपूर्वी एका फलियातला भिलाला म्हातारा आपल्या पंचविशीच्या मुलाला घेऊन येऊ लागला. मुलाला खोकला, धाप, वजन उतरलेलं. क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स एकदा पुरा झालेला, तरी उतार नाही. मी विचारी, खोकला कोरडा की कफाचा? रात्री की पहाटे? म्हातारा दर वेळी सुरुवात करी, ‘गोधरा गया था, साब...’ मी म्हणे, ‘वो रहने दो, खाँसी का बताओ.’ इकडून मजुरीला गुजरातेत अर्धा गाव जातो. माझ्या लेखी गोधरा हे भलतीकडे जाणं होतं. चार महिन्यांच्या केसपेपरवर तो शब्द एकदाही नाही.

मग त्याच भागातला दुसरा खोकला आला, पंधरा दिवसांत तिसरा. दोघांच्या तोंडी गोधरा. तेव्हा कुठं मी विचारलं, तिथं काम काय? म्हातारा म्हणाला, ‘पत्थर का आटा.’ काचेच्या धंद्यासाठी गारगोटी दळायची. धूळ इतकी की शेजारचा माणूस दिसू नये. फोटो काढायला पाठवलं, निदान झालं, सिलिकोसिस. फुप्फुसात दगडाची भुकटी बसली की तिच्यावर माझ्याकडे औषध नाही, कुणाकडेच नाही. पुढच्या भगोऱ्यापर्यंत तो मुलगा राहिला नाही.

धार, झाबुआ, अलीराजपूरच्या अशा मजुरांचं प्रकरण पुढं सर्वांना कळलं. २०१० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस गुजरात सरकारला केली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते पैसे देण्याचा आदेश दिला.

मी पहिल्या दिवशी ऐकलं असतं तरी तो मुलगा वाचला नसता, हे मला ठाऊक आहे. पण त्या चार महिन्यांत त्याचा धाकटा भाऊ त्याच कामाला गेला. म्हाताऱ्यानं त्याला दोन महिन्यांनी परत आणलं.

तो अजून येतो. माझ्या केसपेपरवर आता नाव आणि वय यांच्याखाली एक ओळ आहे : कामाला कुठं कुठं गेला होता? ती भरेपर्यंत मी खोकल्याचं काही विचारत नाही. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून आला की त्याला बोलायला थोडा वेळ लागतो. तोवर मी पेन खाली ठेवून बसतो.