गोळीच्या जोडीला घास

पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. पण नुसत्या गोळीनं अंग भरत नाही. लक्षणं नसली, तरी या संसर्गात प्रौढाला सुमारे १० टक्के जास्त ऊर्जा लागते. आजारपणात २० ते ३० टक्के, आणि वजन घटलेल्या मुलाला ५० ते १०० टक्के! त्यात तोंड आलेलं, जुलाब सुरू. खाल्लेलं अंगी लागणार कसं?

अतितीव्र कुपोषित मुलांसाठी जगभर एक तयार पेस्ट वापरतात: शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं, क्षार. ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० किलोकॅलरी. पाणी जवळजवळ नसल्यानं ती टिकते. अर्थात ती द्यायची डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

चाकणला खोली करून राहणाऱ्या, रात्रपाळीच्या कामगारानं काय करावं? डब्यात दाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं, वरणावर चमचाभर तेल. महाग काहीच नाही. वजन अचानक उतरलं, तर मात्र आधी क्षयरोगाची तपासणी. क्षय निघालाच, तर उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात. एचआयव्हीविषयी काही विचारायचं असेल, तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे.