दोरीची तपासणी

आज डुकरांची गोष्ट सांगतो. हसू नका.

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. तिथले शेतकरी हजारांनी डुकरे पाळतात. एकाला विषाणूचा रोग झाला, की तो साऱ्या कळपात पसरतो. गाभण माद्या गाभडतात. पिले मरतात.

रोग ओळखायला रक्त काढतात. जबड्यात फास अडकवून जनावर धरायचे, मानेत सुई टोचायची. ते जिवाच्या आकांताने ओरडते.

तिथल्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी डुकराचा स्वभाव हेरला. नवी वस्तू दिसली की ते चघळते. आपली पोरे पाटीची पेन्सिल चघळतात ना, तसेच! मग त्यांनी खणात सुती दोरी टांगली. २०-३० मिनिटांत डुकरे ती चघळून ओली करतात. दोरी पिळायची. लाळ बाटलीत भरून, थंड ठेवून तपासायला धाडायची. लाळेत विषाणूचा माग लागतो.

आजारी डुक्कर नेमके कोणते, हे दोरी सांगत नाही. त्यासाठी एकेकाला तपासावेच लागते. पण खणात रोग शिरला, हे लवकर कळते. मग बाकीचे कळप जपता येतात.

मी ३५ वर्षे मास्तरकी केली. छडीने जे साधले नाही, ते पोरांच्या कलाने घेतल्यावर साधले. मुक्या जनावराचेही तसेच आहे.